डाव्या हाताची परीक्षा

बाबांचं अक्षर लहान व्हायला लागलं तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये ते गाड्यांवर नावं रंगवायचे. ट्रकच्या कपाळावर देवाचं नाव, दारावर गावाचं, मागच्या फळीवर मालकाच्या मुलांची नावं, आणि जागा उरली तर दोन कमळं. लोखंड बाजारातल्या धुळीत उकिडवं बसून हात कुठेही न टेकवता ते सरळ रेघ ओढायचे. एक दिवस सांगलीकडचा एक ड्रायव्हर त्यांना म्हणाला, "पेंटर, या खेपेला अक्षरं बारीक काढलीत." बाबा म्हणाले, रंग कमी होता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी तेच म्हटलं. ओळीचं पहिलं अक्षर वीतभर असायचं आणि शेवटाकडे जाता जाता ते चार बोटांवर यायचं. त्यानंतर उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर आपोआप घासायला लागले, तंबाखू मळल्यासारखे. बाबांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, कंपवात.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. आमच्या नात्यातल्या बायका लहानपणापासून म्हणत आल्या होत्या की हिचे हात थेट बापाचे. लांब बोटं, बाहेर वळलेला अंगठा, नखांचा आकारसुद्धा तोच. मला त्याचा अभिमान होता. त्या निदानानंतर मात्र लग्नकार्यात कुणी माझा हात हातात घेतला की मी तो हळूच सोडवून घ्यायचे.

आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि बाबा सत्तर. आई गेल्यापासून ते नवीन पनवेलला आमच्याकडेच असतात, माझा नवरा, मी आणि ते. न्हावा शेवाच्या बंदरातून जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तयार करणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरी करते. दिवसभर डाव्या हातात फोन कानाला लावलेला आणि उजव्या हाताने टायपिंग. ट्रेलर कुठे अडकलाय, सील नंबर चुकलाय का, हेच बोलणं सकाळी दहापासून सातपर्यंत.

मागच्या वर्षी गणपती झाल्यानंतरच्या एका सकाळी ऑफिसला निघताना मी कुर्त्याच्या उजव्या बाहीचं बटण लावत होते. ते लावायला डावा हात लागतो. बटण काजात जाईना. दोनदा, तीनदा, चारदा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असून नसल्यासारखी होती, दुसऱ्या कुणाची तरी माझ्या हाताला लावल्यासारखी. शेवटी मी बाही दुमडून टाकली आणि निघाले. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी डावा हात उजव्या हाताने घट्ट धरून ठेवलाय. बाबा तसाच धरतात.

मी कुणाला काही बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो मला त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेला असता, आणि मला डॉक्टरकडे जायचं नव्हतं. डॉक्टर नाव सांगतात. एकदा नाव सांगितलं की ते परत घेता येत नाही. पण माहीत नसणंही सहन होत नव्हतं. रोज सकाळी जाग आली की डोळे उघडण्याआधी मी पांघरुणावर हात ठेवून वाट बघायचे, हलतोय का. हलत नव्हता. मग वाटायचं, मी लक्ष देतेय म्हणून हलत नसेल.

अशा दिवसांत वडाळे तळ्याजवळून जाताना एका इमारतीच्या जिन्यापाशी पाटी दिसली. गिटार क्लास, वयाची अट नाही. माझ्या मनात संगीत वगैरे काही आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की गिटारवर डाव्या हाताचं प्रत्येक बोट वेगळं चालावं लागतं. आत काही बिघडलं असेल तर ते तिथे आधी कळेल. कुणाच्याही आधी मला कळेल. मी पहिला मजला चढले.

क्लास घेणारे सर रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले होते. पासष्टीच्या पुढचे, किडकिडीत, बोलताना आवाज कधी न चढवणारे. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, कुठलं गाणं वाजवावंसं वाटतं?"

मी म्हटलं, "गाणं असं काही नाही. बोटांना व्यायाम होईल म्हणून."

त्यांनी माझ्याकडे एक क्षण बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. कपाटावरची एक जुनी गिटार काढली, पुसली, तारा लावल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली. पहिली कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांची जुळणी, त्यांनी शिकवली ती ई मायनर. पहिली दोन बोटं, दुसरा फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधलं दुसरं घर, आणि शेजारशेजारच्या दोन तारा. उजव्या हाताने वरून खाली सगळ्या तारा छेडल्या आणि एक जड, दुखरा आवाज आला. माझ्या हातून असा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. सर म्हणाले, "आली. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांना येत नाही."

त्या दिवशी तळ्याच्या कडेने चालत मी घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पण ई मायनरवर कुणाचं भागत नाही. दुसऱ्या आठवड्यात जी आली, मग सी, मग डी. या तिन्हींना तिसरं बोट लागतं, म्हणजे करंगळीच्या शेजारचं. सर सांगायचे की कॉर्ड एकेकटी यायला काही लागत नाही, खरं काम एकीवरून दुसरीवर जाण्याचं. जी, डी, ई मायनर, सी, या चौघी एका रांगेत, प्रत्येकीला चार ठोके, आणि मग पुन्हा जी. याला ते प्रोग्रेशन म्हणायचे. "मॅडम, ही एक रांग जमली की कितीतरी गाण्यांच्या मागे ती चालते. फक्त मध्ये थांबायचं नाही."

मी थांबायचे. जी वरून डी वर जाताना पहिली दोन बोटं जागेवर पोचायची आणि तिसरं बोट हवेत राहायचं. मी त्याच्याकडे बघायचे, मनात त्याला सांगायचे, जा. ते अर्ध्या सेकंदाने जायचं. कधी चुकीच्या तारेवर बसायचं. तार दाबली न गेल्याने नुसता टक असा आवाज यायचा.

सरांनी एक सराव दिला होता. घड्याळ लावून एक मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा जाता येता येतं ते मोजायचं. सरांसाठी तो साधा सराव होता. मी त्यासाठी वही केली. तारीख, वेळ, जी ते डी किती, ई मायनर ते सी किती. समोरच्या रकान्यात आणखी काही गोष्टी मी लिहायचे ज्या सरांनी सांगितल्या नव्हत्या. झोप किती झाली. बोट थरथरलं का. कपबशी धरताना आवाज झाला का. ती वही मी ऑफिसच्या पर्समध्ये ठेवायचे, घरात नाही.

सरांची ती जुनी गिटार मात्र मी घरी आणायला लागले होते. ऑफिसमधून आल्यावर स्वयंपाकाआधी अर्धा तास बेडरूममध्ये दार लोटून बसायचे. नवऱ्याला वाटायचं मला उशिरा का होईना एक छंद लागला. तो शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचा. मला ते ऐकताना लाज वाटायची.

पहिल्या महिन्यात आकडे वाढले. अकरा, चौदा, अठरा, एकवीस. मला वाटलं, सुटले. आजारी हाताचे आकडे वाढले असते का. मग दिवाळीनंतर ते वाढायचे थांबले. आठवडाभर एकवीस, वीस, एकवीस. मग सोळा. मग तेरा. एका संध्याकाळी दहा. मी घड्याळ पुन्हा लावलं, नऊ. तिसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही.

मी सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, बोटं बधिर होतात का हो?"

"होतात की. तारा टोचतात. टोकांना घट्टे पडेपर्यंत सगळ्यांना होतं. दोन-तीन महिने काढायचे."

सगळ्यांना होतं, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण पहिल्या दोन बोटांची टोकं दुखत होती, आणि दुसरी दोन दुखत नव्हती. त्यांच्यात काहीच नव्हतं. आणि तो बधिरपणा नुसता टोकाला नव्हता, पार मनगटापर्यंत होता. हे मी सरांना सांगितलं नाही. नवशिक्याचा हात आणि बिघडलेला हात यांच्यात फरक कसा करायचा, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं. दोघंही अडखळतात. दोघांनाही सांगितलेलं ऐकू येत नाही. मी परीक्षा म्हणून जे निवडलं होतं ते असं होतं की त्यात निरोगी माणूससुद्धा नापास होतो, आणि हे मला क्लास लावून तीन महिने झाल्यावर समजलं. पण तोपर्यंत वही अर्धी भरली होती आणि मला तिच्यावाचून राहवत नव्हतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सरांनी आम्हां पाच जणांना एकत्र बसवलं. बाकीचे चौघे माझ्याहून तरुण, दोन कॉलेजच्या मुली, एक बँकेतला, एक केमिस्ट. सर म्हणाले, मी ठोके देतो, सगळ्यांनी मिळून रांग वाजवा, कुणी चुकलं तरी पुढच्या कॉर्डवर येऊन मिळा. पहिली जी सगळ्यांची बरोबर आली. डी ला माझं तिसरं बोट आलं नाही. ई मायनरला मी मिळाले. सी ला पुन्हा चुकले. दुसऱ्या फेरीत मी तो गिटारचा दांडा इतका आवळून धरला की अख्खा हात कोपरापासून थरथरायला लागला. सगळ्यांना दिसेल असा. सरांनी ठोके देणं थांबवलं आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हात कापतोय. सैल सोडा."

ते रीतसर शिक्षकाने सांगावं तसंच सांगत होते. मी गिटार बाजूला ठेवली, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आरशात बघायची छाती झाली नाही. बाहेर आल्यावर मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि निघून आले. पुढचे दोन शनिवार गेले नाही. सरांचा मेसेज आला, तब्येत बरी आहे ना. मी हो लिहिलं. घरात गिटार कपाटाच्या मागे उभी करून ठेवली. पण आता गिटार नसली तरी परीक्षा चालूच होती. भाकरी थापताना, केस विंचरताना, कुलपात किल्ली घालताना. मी पाणी पितानासुद्धा ग्लासातल्या पाण्याकडे बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, नवरा त्याच्या भावाकडे गेला होता. मी बाबांना गोळी द्यायला गॅलरीत गेले. ते खुर्चीत बसून खालच्या रस्त्याकडे बघत होते. त्यांचा हात मांडीवर नेहमीसारखा हलत होता. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "गो, बस जरा."

मी बसले.

"गिटार का बंद केलीस?"

"वेळ मिळत नाही, बाबा. ऑफिसात काम वाढलंय."

"खोटा नको बोलू." त्यांच्या आवाजाला आता जोर उरलेला नाही, पुटपुटल्यासारखं बोलतात, जवळ वाकून ऐकावं लागतं. "तू वाजवायचीस तवा मी हितून ऐकायचो. तू गाना नाय वाजवत. तू हात बगतेस."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मी पन बगायचो," बाबा म्हणाले. "तो ड्रायवर बोलला ना, अक्षर बारीक झाला, त्याच्या आदी वरीसभर मला ठावं होता. तुजी आय देवलात गेली का मी वही काडायचो. एकच अक्षर. क. पानभर क. रोज बगायचो कालच्यापेक्षा बरा हाय का. नाय बरा. रोज बारीक. कुनाला नाय सांगितला. वाटायचा, बोललो नाय तर व्हनार नाय."

"मग वह्या कुठे गेल्या?"

"खाडीत टाकल्या." ते थोडं हसले. मग खाली रस्त्याकडे बघायला लागले. मला वाटलं विसरले. पण ते शब्द जुळवत होते. "त्याच वरसात तुज्या भावाचा लगीन झाला. मला ते लगीन आठवत नाय. जेवान काय होता, कोन आला, काय नाय आठवत. मी मांडवात बसून हात बगत होतो. ते वरीस आजारानं नाय नेला, गो. आजार तवा कुठं होता, जरासाच तर होता. ते भ्यानं नेला."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडले. सगळं सांगितलं. बटण, वही, शनिवारचा तो हात. ते ऐकत होते. त्यांचा हात माझ्या केसांवर आला आणि तिथेही हलत राहिला.

"उद्या जाऊ डाक्टरकडं," ते म्हणाले. "मी येतो."

संध्याकाळी नवरा आल्यावर त्यालाही सांगितलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "पाच महिने तू हे एकटीने घेऊन फिरत होतीस?" मग त्याने उठून अपॉइंटमेंटसाठी फोन लावला. मिळाली ती गुरुवारची.

मेंदू आणि नसांच्या त्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. बाबा हट्टाने आत आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. डॉक्टरांनी मला अंगठा आणि पहिलं बोट भराभर एकमेकांवर टेकवायला सांगितलं, मोठं उघडून, न थांबता. मूठ उघडा, मिटा. हात पालथा, उताणा. कागदावर शंखाच्या आकाराची गोल गोल रेघ काढायला सांगितली. बाहेरच्या पॅसेजमध्ये चालून परत यायला सांगितलं. या सगळ्या चाचण्या मला पाठ होत्या, कारण पंधरा वर्षं मी बाबांना त्या देताना बघत आले होते. चालताना माझे हात पुढेमागे हलताहेत का, हे मी स्वतःच बघत होते, आणि त्यामुळे ते लाकडासारखे झाले. वळताना माझा पाय अडखळला. मला वाटलं, झालं. हेच त्यांनी लिहून घेतलं असणार.

आत आल्यावर त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि बोटांवर कापूस फिरवला. कुठे कळतंय ते सांगा. अंगठा, पहिलं, मधलं. मग काही नाही. मी वाट बघत राहिले.

"आता फिरवताहात का?" मी विचारलं.

"केव्हापासून फिरवतेय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझं डावं कोपर धरलं आणि आतल्या बाजूच्या हाडामागे बोटाने टिचकी मारली. करंगळीपर्यंत झिणझिणत वीज गेली, मी हात ओढून घेतला.

"तुम्ही फोन कुठल्या हातात धरता?"

"डाव्या."

"कोपर टेबलावर टेकवून?"

मी हो म्हटलं. टेबलाची कड लोखंडी पट्टीची आहे, त्यावर. दिवसाचे आठ तास, किती वर्षं झाली मोजली नव्हती.

"आणि झोपताना हात दुमडून उशीखाली?"

त्याचंही हो. मग मी गिटारचं सांगितलं. त्यांनी खुर्चीवर बसून गिटार धरल्याची ॲक्शन करून दाखवायला लावली, आणि माझं कोपर किती दुमडलं जातं ते बघून मान हलवली. म्हणाल्या, कोपराजवळून एक नस जाते, ती दबतेय असं मला वाटतं. करंगळी आणि शेजारच्या बोटाची जाणीव त्याच नसेवर असते. खात्रीसाठी नसांची तपासणी करू, रिपोर्ट आठवड्यात येईल.

तो आठवडा मी कसा काढला ते नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांनी 'वाटतं' म्हटलं होतं, आणि मी त्या एका शब्दावर अडकले होते. बारीक विजेचे झटके देऊन तपासणी झाली. मशीनवरची मुलगी पडद्यावरच्या रेघांकडे बघत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

रिपोर्टच्या दिवशी बाबांबरोबर नवराही सुट्टी घेऊन आला. डॉक्टरांनी कागद बघितले आणि सरळ सांगितलं की नस कोपरातच दबलीय, कोपर टेकवणं बंद केलं, झोपताना टॉवेल गुंडाळून हात सरळ ठेवला तर बहुधा ऑपरेशनही लागणार नाही. कंपवाताचं आज एकही लक्षण नाही.

"आज," मी म्हटलं.

"आज," त्या म्हणाल्या. "उद्याची खात्री मी माझ्या स्वतःच्या हाताचीही देऊ शकत नाही. वर्षातून एकदा येऊन दाखवून जा."

तेवढ्यात कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही, म्हणून ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. नवऱ्याने त्यांना आधार दिला. ते टेबलापर्यंत आले आणि पुन्हा म्हणाले, "माज्याकडनं तिला गेला नाय ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही, काका. बहुतेक वेळा हा आजार असा आईवडिलांकडून मुलांना जात नाही. तुमच्याकडून तिला काही गेलेलं नाही."

बाबांनी मान डोलावली आणि तिथेच पेशंटच्या स्टुलावर बसले. त्या आठवड्यात मी फक्त माझ्या हाताचा विचार करत होते. ते पंधरा वर्षं काय घेऊन बसले होते ते मला त्या खोलीत पहिल्यांदा दिसलं. आम्ही एकच भीती लपवत होतो, ते माझ्यापासून आणि मी त्यांच्यापासून.

बाहेर पडल्यावर ते म्हणाले, भूक लागली. समोरच्या उडप्याकडे इडली घेतली. त्यांच्या चमच्यातून सांबार टेबलावर सांडलं, पुन्हा सांडलं, शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. एरवी बाहेर खाताना ते हात टेबलाखाली घेतात. त्या दिवशी घेतला नाही. तीन इडल्या खाल्ल्या.

मी सरांकडे परत गेले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गिटारचा दांडा वर उचलून धरायला शिकवलं, पायाखाली एक लाकडी पाट दिला, म्हणजे कोपर तेवढं दुमडत नाही. बोट फ्रेटच्या अगदी कडेला ठेवलं तर जोर कमी लागतो, हेही त्यांनी पूर्वी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. ऐकायला मी तिथे गेलेच कुठे होते.

एप्रिलच्या सुमाराला करंगळीच्या शेजारच्या बोटाला तार टोचली. खरोखर टोचली, दुखलं. मी तशीच बोट तारेवर दाबून बसले. त्या दुखण्याने मला किती आनंद झाला हे सरांना समजेना. त्यानंतर एका रविवारी बाबांनी गॅलरीतून हाक मारली, "हितं आन ती. दाव बगू." मी त्यांच्यासमोर बसून जी, डी, ई मायनर, सी वाजवलं, हळू, न थांबता, दोन फेऱ्या. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, मी वाजवू का. मी जी धरून ठेवली आणि गिटार त्यांच्याकडे वळवली. त्यांचा हात मांडीवर हलत होता. तो उचलून त्यांनी तारांकडे नेला आणि वाटेतच तो हलायचा थांबला, काही करायला उचलला की कधीकधी क्षणभर थांबतो तसा. त्यांनी अंगठा एकेका तारेवरून सावकाश खाली आणला. सहाही तारा वाजल्या. हात परत मांडीवर गेला आणि पुन्हा हलायला लागला. "अजून एक," ते म्हणाले. मी सी धरली.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. कधी ऑफिसात कप निसटतो आणि मी लगेच बोटं हलवून बघते. कधी सकाळी जाग आल्यावर हात बघायची सवय परत येते. मग मी उठते आणि चहा टाकते.

मागच्या शनिवारी सरांनी नवीन रांग दिली. तिच्यात एफ आहे, जिला पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात. आम्हां पाचांपैकी कुणाचीच वाजली नाही. केमिस्टच्या गिटारमधून तर फक्त टकटक येत होतं. सरांनी ठोके द्यायला सुरुवात केली आणि म्हणाले, न वाजली तरी हात तिथे न्या, पुढच्या कॉर्डला सगळे भेटू. एफ आली. कुणाचं काही वाजलं नाही. पुढच्या सी वर मी अर्धा ठोका उशिरा पोचले आणि तशीच पुढे वाजवत राहिले.